गोफणआत्यांची राखण

गोफणआत्यांना हळू बोलता येत नसे. आमच्या वणीच्या रेल्वे क्वार्टरात त्या चार दिवस राहायला आल्या की चौथ्या घरालाही कळायचं, आज आमच्या वरणात मीठ कमी पडलंय. "मालतीऽऽ, मीठ आन जरासं!" अशी हाक त्या मला हातभर अंतरावरून मारत. मी नागपूरची, चार भिंतींत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा पहिले पंधरा दिवस माझी अशीच समजूत होती की थोरली नणंद माझ्यावर कशासाठी तरी भडकलेली आहे. शेवटी धीर करून विचारलं, तर त्या पोट धरून हसल्या. "राग कायचा वो बाई? वावरातला गळा हाये हा. घरात आला म्हनून बारीक होत नाही."

आत्या म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लेकरं आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणे. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि त्या मुकुटबनजवळच्या माहेरच्या गावी परत आल्या त्या कायमच्या. वडिलांनी पाच एकराचं एक वावर त्यांच्या नावाने करून दिलं होतं. त्यांचं खरं नाव भागीरथी, पण गावात त्या नावाने कुणी हाक मारली असती तर त्यांनी वळूनही पाहिलं नसतं.

गोफण हे नाव त्यांना पडलं ते जवारीमुळे. जवारी दाण्यावर आली की आत्यांचा मुक्काम घरातून मचाणावर हलायचा. चार बल्ल्यांवर बांधलेलं मचाण, वर पऱ्हाट्यांचं, कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, छप्पर आणि मधोमध आत्या, उजव्या हाताच्या मधल्या बोटात गोफणीचा फासा. भोरड्यांचा थवा उतरला तर घटकाभरात अर्धं वावर रिकामं करतो. तो थवा लांब असतानाच त्यांना कळायचा. त्या उभ्या राहत, अंबाडीच्या दोराची ती गोफण दोनदा डोक्यावरून फिरवत आणि तिसऱ्या फेऱ्याला मातीची गोळी सुटे. बरोबर हाळी जाई, "हाऽऽ हुर्र्योऽऽ!" ती हाळी शेजारच्या तीन वावरांचीही राखण करून टाकी. त्या तिघांनी आपापली मचाणं बांधायचीच सोडून दिली होती, असं हे म्हणत. ह्यांच्या बोलण्यातलं अर्धं सोडून दिलं तरी ते खरं असावं.

पण त्यांच्या गोळीने पाखरू मेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गोळी जायची ती पाखराच्या चोचीपुढून, वीतभर अंतरावरून. एकदा शेजारच्या वावरातला एकजण गोफणीने पाडलेला मिठू शेपटीला धरून मोठ्या तोऱ्यात दाखवायला आला. आत्यांनी त्याला मचाणाखालीच उभा केला. "काहून मारलं? पोट तुले हाये तसं त्याले नाही का? उठवाचं असते पाखराले, मारून कोनी राखण करते का?" तो बिचारा त्या मिठूला तिथेच पुरून गेला. पुढे दोन वर्षं तो आत्यांच्या बांधावरून जाताना मान वर करत नसे.

ही राखण त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जागा कुठली, वेळ कुठली, याचं त्यांना भानच राहायचं नाही. एकदा आमच्या स्टेशनच्या मालधक्क्यावर जवारीची पोती उतरली होती. चार चिमण्या सांडलेलं टिपत होत्या. आत्या ह्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. चिमण्या दिसल्या मात्र, अशी काही हाळी दिली की शंटिंग करणाऱ्या माणसाच्या हातचं हिरवं निशाण खाली पडलं आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. ह्यांना साहेबापुढे उभं राहावं लागलं. "चिमण्या दिसल्या का गळा आपल्या मनानंच सुटते रे नाना," असं त्या ह्यांना म्हणाल्या. थोरल्या बहिणीला बोलायची ह्यांची प्राज्ञा नव्हती.

हे रेल्वेत तारबाबू. वर्षातून एकदा घरच्या माणसांसकट फिरायचा पास मिळे आणि दरवर्षी तो फुकट जाई. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मात्र ह्यांनी मनावर घेतलं. माजरीला मद्रासकडे जाणारी गाडी पकडायची, थेट रामेश्वरच्या बेटावर जायचं आणि आठ दिवस समुद्रावर राहायचं. मी हरखले. लेकरांना माझ्या आईकडे ठेवायचं ठरलं. विधवा बहिणीचं नाव पासावर चालतं, म्हणून आत्यांचंही नाव लागलं. त्या आधी नाहीच म्हणाल्या. मग दोन दिवसांनी मुकुटबनहून आपण होऊन वणीला आल्या आणि चुलीपाशी बसून, त्यांच्या मानाने फारच खालच्या पट्टीत म्हणाल्या, "त्याइच्या नावानं समुद्रात पानी सोडाचं राह्यलं. एकोणतीस वर्षं झाले. सासरच्यांनी केलं नाही, मले कोनी नेलं नाही. तेवढं होत असन तं येतो मी."

त्यांच्या नवऱ्याबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्या प्रवासात आम्हा दोघांसाठी समुद्र होता, हवापालट होता. आत्यांसाठी मात्र एवढं एकच काम होतं.

गाठोड्यात दोन लुगडी, तिळाची पुरचुंडी आणि गोफण. ह्यांनी चिडवलं, "गोफण कशाले? समुद्र हाकलाचा हाये का?" आत्यांनी ती कमरेला खोचली. "असू दे. हात उघडा वाटते."

बेटावरचे ते दिवस मला अजून स्वच्छ आठवतात. धर्मशाळेची पांढरी ओसरी, ताडाच्या झाडांची सळसळ, संध्याकाळी ओल्या वाळूवरून चालणं. मी आणि हे लग्नानंतर सात वर्षांनी पहिल्यांदा कारणाशिवाय एकमेकांशी बोलत होतो. आत्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाप्पा! एवढं वावर आन पेरलं काहीच नाही." मासळी पाहून नाक मुरडलं, इडली पाहून "हे दुखणाईताचं जेवन" म्हणाल्या आणि सहा खाल्ल्या.

पाण्याचा विधी करायला मराठी समजणारे एक गुरुजी मिळाले. बेटाच्या पार टोकाला, धनुष्कोडीला, दोन समुद्र जिथे भेटतात तिथे शेवटच्या दिवशी सकाळी नऊला विधी ठरला. गुरुजींना अकराच्या गाडीने दुसऱ्या यात्रेकरूंसाठी परतायचं होतं. आम्हाला त्याच दुपारी मद्रासची वाट धरायची होती. पास संपत होता, ह्यांची रजाही.

आम्ही उजाडतानाच टोकाशी पोचलो. नऊला वेळ होता, म्हणून वाळूतून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेलो. दोनएक फर्लांगांवर एक खांब आणि त्यावर पाटी होती. इंग्रजीत लिहिलं होतं की ही जागा पाखरांसाठी राखलेली आहे, विणीच्या दिवसांत पुढे जाऊ नये. ती पाटी कुठल्या खात्याची, ते सरकारी नोकर असून ह्यांनाही उमगलं नाही. आम्ही शहाण्यासारखे खांबापाशी थांबलो. पुढे वाळूचा लांब पट्टा आणि त्यावर हजारो पांढरी पाखरं. काळी टोपी घातल्यासारखं डोकं, दुभंगलेली शेपूट. त्यांना सुरय म्हणतात हे मला फार पुढे कळलं. समुद्राकडून आणखी एक थवा आला, वळला आणि त्या पट्ट्यावर उतरायला लागला.

मी "किती छान" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात माझ्या कानाशीच हाळी फुटली.

"हाऽऽ हुर्र्योऽऽ!"

सगळा पट्टा एकदम वर उठला. उजेड झाकला गेला. असा काही कालवा झाला की ह्यांचं ओरडणं मला ऐकू येईना. आत्या हात वर करून उभ्या होत्या. चेहऱ्यावर आधी समाधान होतं, मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. "माय वो," त्या म्हणाल्या, "मले वाटलं कोनाचं तरी पीक खाऊन राह्यले."

पट्ट्याच्या पलीकडच्या झोपडीतून एक माणूस धावत आला. साठीचा, काळा, किडकिडीत, गुडघ्यापर्यंत लुंगी आणि अंगात खाकी सदरा. हा तिथला राखणदार. तमिळमध्ये तो काय काय बोलला ते कळलं नाही, पण त्याने आत्यांचं मनगट धरून त्यांना वाळूपाशी वाकवलं आणि बोट दाखवलं. "मुट्टै! मुट्टै!" आम्ही पाहिलं. उघड्या वाळूत, नुसत्या खळग्यात, वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. इकडे दोन, तिकडे दोन, नजर जाईल तिथवर. त्या अंड्यांवर सावली होती ती फक्त बसलेल्या पाखरांची, आणि ती सगळी आकाशात होती.

कोळ्यांच्या झोपड्यांकडून कावळे निघालेही होते. राखणदार काठी घेऊन एका टोकाला धावला, तर दुसऱ्या टोकाला चार कावळे उतरले. तिकडे धावला, तर इकडे. तो धावे तसतशी पाखरंही वरच राहत, खाली यायला धजत नसत. त्याचा श्वास लागला होता. ऊन चढत होतं, वाळू तापायला लागली होती. एक कावळा चोचीत अंडं धरून आमच्या डोक्यावरून गेला आणि तो म्हातारा मटकन खाली बसला, कपाळावर हात मारून.

आत्या त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या हातची काठी काढून वाळूत आडवी ठेवली. "बस दादा. पयू नको. तू पयशील तं अंड्याइच्या माया खाली येनार नाही." वऱ्हाडीतच बोलल्या. तो त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि बसून राहिला. मग आत्यांनी कमरेची गोफण काढली.

त्या वाळूत खडा म्हणून नव्हता. आत्यांनी शिंपला घालून पाहिला, तो भलतीकडे गेला. मग मागे खाजणात चिखल आहे हे त्यांनी पाहिलं. "नाना, मालती, गोया करा. बोराएवढ्या. घट्ट." पुढचा सगळा वेळ वणीचे तारबाबू धोतर वर खोचून आणि त्यांची नागपूरची बायको नव्या पातळात, अशी आम्ही दोघं चिखलाच्या गोळ्या वळत होतो. थोड्या वेळाने राखणदारही आमच्यात येऊन बसला. त्याच्या गोळ्या माझ्यापेक्षा चांगल्या होत होत्या.

आत्या गुडघे टेकून खाली बसल्या होत्या, अंग चोरून, पाखरांना उभं माणूस दिसू नये म्हणून. गोफण त्यांनी डोक्यावरून फिरवलीच नाही. कुशीजवळून एकच फेरा, आवाज न करता, आणि गोळी जाऊन कावळ्याच्या पुढ्यात वाळूत रुते. कावळा दचकून उडे. दुसरा उतरे, पुन्हा गोळी. तोंडातून शब्द नाही. कित्येकदा गळ्याची शीर टरारून फुगे, हाळी वर येई आणि त्या ओठ दाबून ती गिळत. घाम डोळ्यांत जात होता, तोही पुसत नव्हत्या. मी त्यांना नऊ वाजत आल्याचं सांगायला जवळ गेले. गुरुजी दूर किनाऱ्यावर दिसत होते, हात हलवून बोलावत होते. हेही म्हणाले, "आक्का, गोफण माझ्याजवळ दे, तू जाऊन ये." ह्यांचा नेम कितपत लागतो, ते सगळ्या घराला ठाऊक होतं.

आत्यांनी किनाऱ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभरच, पण मी त्यांचा चेहरा पाहिला. एकोणतीस वर्षं त्या ज्यासाठी थांबल्या होत्या ते हाकेच्या अंतरावर उभं होतं. "मी उठवले त्याइले," त्या पुटपुटल्या. "मीच बसवीन. तुमी गोया करा."

पहिलं पाखरू खाली आलं तेव्हा दहा वाजून गेले असतील. उतरलं, इकडेतिकडे पाहिलं, पिसं फुलवून आपल्या अंड्यांवर बसलं. मग दुसरं. मग दहा-वीस. अकराच्या गाडीची शिट्टी झाली तेव्हा जवळजवळ सगळा पट्टा पुन्हा पांढरा झाला होता. गुरुजी गेले होते. आत्यांनी गोफण खाली ठेवली, हात बधिर झाला होता तो चोळला आणि तशाच वाळूत बसून रडल्या. राखणदाराने कडेकडेने फिरून पाहून येऊन चार बोटं दाखवली. चार अंडी गेली होती. एवढ्या हजारांत चार, असं समजावायला मी गेले. "चार कमी हायेत का?" त्या म्हणाल्या. "घरधनीन वरून पाहत असतानी लुटून नेले."

पाणी सोडायचं ते त्यांनी स्वतःच सोडलं. मंत्र येत नव्हते. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, ओंजळीत तीळ घेतले आणि नवऱ्याचं नाव घेतलं. ते नाव मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. इथे सांगणार नाही, ते त्यांचं होतं. राखणदाराला काय चाललंय ते कळलं असावं. त्याने खाकी सदरा काढून किनाऱ्यावर ठेवला, आत्यांच्या मागे चार हातांवर पाण्यात हात जोडून उभा राहिला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. आम्हा दोघांना ते सुचलंही नव्हतं. आम्ही मागाहून उतरलो.

निघताना आत्यांनी गोफण त्याच्या हातात दिली. बोटात फासा कसा घालायचा, मनगट कुठे सोडायचं, ते हात धरून दाखवलं. त्याची पहिली गोळी ह्यांच्या पाठीत बसली. मग तो आणि आत्या असे हसले की मला भीती वाटली, पाखरं पुन्हा उठतात की काय. "उठवाचं, मारू नाही," असं त्यांनी त्याला तीनदा बजावलं आणि त्याने तीनदा मान डोलावली. त्याने ताडगुळाची एक ढेप ताडाच्या पानात बांधून दिली. नाव विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. त्याची मला अजून खंत आहे. आत्या परतीच्या वाटेवर आणि पुढेही त्याला 'माया दादा' म्हणत, आणि ती ढेप त्यांनी गावातल्या घराघरांत खडा खडा वाटली.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात ते वादळ आलं. हे सकाळी तारघरातून घरी आले ते बातमी घेऊनच. धनुष्कोडी उरलं नव्हतं. लाटा गावावरून गेल्या होत्या. स्टेशन, रूळ, कोळ्यांच्या झोपड्या आणि माणसांनी भरलेली एक गाडी, सगळं गेलं होतं. आम्ही त्या रविवारी मुकुटबनला गेलो. आत्या खळ्यावर होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन माया दादा?"

ह्यांनी ओळखीच्या तारबाबूंना विचारलं, पुढच्यांनी पुढच्यांना. पाखरांचा राखणदार म्हटल्यावर कुणाला काय कळणार? नाव नाही, गाव नाही. दोन महिन्यांनी एवढंच उत्तर आलं की त्या पट्ट्यावरचं काहीच कुणाला ठाऊक नाही.

पुढच्या भादव्यात पित्तरपाटाला, पितृपंधरवड्यात, मी मुकुटबनला होते. आत्या दरसाल नवऱ्याच्या नावाचं एक पान वाढून छपरावर ठेवत. वडे, खीर, अंबाडीची भाजी. मला वाटलं, आपण सुचवावं. म्हटलं, "आत्या, आणखी एक पान वाढू का? त्या दादांसाठी?"

त्या इतक्या वेगाने माझ्याकडे वळल्या की माझ्या हातची पळी खाली पडली. "तुले कोनी सांगितलं तो मेला म्हनून? तू पाह्यलं? नान्यानं पाह्यलं?" मी नकारार्थी मान हलवली. "मंग? जित्त्या मानसाचं पान वाढते का कोनी? लोकाइनं मेले म्हनून सांगितलेले कितीक जित्ते हायेत. माया दादा समुद्रावरचा हाये, त्याले पोहता येत असन." मग त्या जरा शांत झाल्या आणि खाली पडलेली पळी उचलून माझ्या हातात दिली. "आन त्याच्या नावाचा घास कावळ्याले देऊ म्हंतं? कावळ्याले?"

मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्याही काढत नसत. फक्त उन्हाळ्यात कधी आल्या तर ह्यांना विचारत, "तिकडं पाखरं बसले असतीन ना रे?" हे म्हणत, "बसली असतील, आक्का." तेवढ्यावर त्यांचं समाधान होई.

साठचं दशक सरता सरता, जवारी कापून झाल्यावर, दोन दिवसांच्या तापाने आत्या गेल्या. मी आणि हे उशाशी होतो. त्यांना ग्लानी होती, फार बोलल्या नाहीत.

तेव्हापासून भादव्यात आत्यांचं पान मी वाढते. पहिल्याच वर्षी केळीची दोन पानं कापून आणली होती. एकावर खीर वाढली, वडे ठेवले. दुसरं पुसून पुढ्यात घेतलं आणि हात थांबला. धाकट्या मुलीने विचारलं, "आई, हे कुणाचं?"

"कुणाचं नाही," मी म्हटलं. ते पान मी पाण्याने धुतलं आणि दुपारी स्वतः त्यावर जेवले. आता तो माणूस असता तर शंभरीच्याही पुढे गेला असता, हे मला कळतं. तरी आजवर त्याचं पान मी वाढलेलं नाही.